राष्ट्राध्यक्षांची सनद आणि उभ्या पट्ट्यांची गोधडी

स्प्रूस कोव्ह, मेन
मंगळवार, जेवणानंतर

राजमान्य मेहुणेबुवा ओबेड यांस,
जोथम लेटनचा सप्रेम नमस्कार.

आम्ही इकडे सर्व खुशाल आहोत, तुमच्या सरहद्दीपलीकडच्या बेटावरची खुशाली कळवावी. तुमचा डावा गुडघा कसा आहे? (उजव्याची चौकशी करत नाही, तो तुम्ही होडीत चढताना वापरता, त्यामुळे तो उत्तम असणार.) राणीसरकारच्या राज्यात बटाटे कसे आलेत? आमच्याकडे गणराज्य असूनही ते सुपारीएवढेच राहिले. तुम्ही पाठवलेली काकवी पोचली. तिच्याखाली लपवलेलं जे होतं तेही पोचलं आणि संपलंही.

आता मुख्य वर्तमान. तुमचा भाचा आसाहेल जकातीच्या गलबतावर तिसरा लेफ्टनंट झाला, हे तुम्हाला ठाऊक आहेच, कारण ते समुद्रातल्या हेरिंग माशांनाही ठाऊक आहे. पण त्याची सनद तुम्ही पाहिलेली नाही. चामड्यासारखा जाड कागद, वर गरुड, खाली शिक्का, आणि शिक्क्याच्या बाजूला खुद्द राष्ट्राध्यक्षांची सही. सही अशी की कोंबडी शाईत पाय बुडवून घाईने निघून गेली असावी. मजकूर मात्र भारदस्त आहे. 'त्यांची देशभक्ती, शौर्य, निष्ठा व योग्यता यांवर आमचा विशेष विश्वास असल्याने' वगैरे. मेहुणेबुवा, राष्ट्राध्यक्षांनी आमच्या चिरंजीवांना कधी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. गाय धुवायला पाठवला की गायीखाली झोपलेला सापडणारा मुलगा तो. पण वाचताना मी डोळे पुसले हे कबूल करतो. तुमची बहीण हिटी म्हणाली की चुलीचा धूर आहे. चूल विझलेली होती.

सनद आल्याच्या रविवारी आमच्या शाळामास्तरांनी गावच्या प्रार्थनाघरात व्याख्यान झोडलं. देश नवा होता, तिजोरी रिकामी होती, नौदल नव्हतंच, तेव्हा दहा लहान गलबतं बांधून किनाऱ्यावर जकात चुकवणाऱ्यांच्या मागे सोडली, तिथपासून मास्तरांनी सुरुवात केली. या गलबतांनी उभ्या पट्ट्यांचं निशाण लावावं, आणि ते फडकवल्याशिवाय कोणावर तोफ डागू नये, असा कायदा आहे म्हणे. हिवाळ्यात हीच गलबतं अडकलेल्या जहाजांना भाकरी आणि सरपण पोचवतात, हेही त्यांनी सांगितलं. ऐकताना माझ्या लक्षात आलं की हा तर आमच्या घराण्याचाच इतिहास आहे. आजोबांचा पाठलाग त्या पहिल्या दहांपैकी एकाने केला. व्यापारबंदीच्या वर्षी आमच्या वडिलांनी धुक्यातून पिठाची पिंपं वल्हवत नेली, तीही त्यांच्याच नाकासमोरून. आमच्याशिवाय त्या खात्याने दिवस कसे काढले असते, देव जाणे. पण मास्तरांनी आमचा नावानिशी उल्लेख केला नाही. बाकावरचे सगळे मात्र वळून माझ्याकडे बघत होते, चर्चचे डीकन तर हसतही होते. (डीकनच्या तळघरात काय आहे ते मी आणून ठेवलंय म्हणून मला माहीत.)

आता तुमच्या भगिनीबद्दल तक्रार. मुलाच्या अभिमानाने बाईंचं डोकं फिरलं आहे. सनद चौकटीत घालून चुलीवर टांगली, आणि तिच्याखाली मला चिलीम ओढायला बंदी. तेवढ्यावर भागलं नाही. तिने लाल-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांची एक गोधडी शिवली, थेट त्या निशाणासारखी, आणि आसाहेलचं गलबत गस्तीला निघणार असलं की ती टेकडीवरच्या दोरीवर वाळत घालते. पाऊस असला तरी वाळत घालते! आईच्या भोळ्या मायेला काय म्हणावं? पण त्या भोळेपणाचा परिणाम असा की अख्ख्या खाडीला गस्तीचा दिवस कळतो. गोधडी दिसली की सगळे सज्जन घरी बसून जाळी विणतात. नाही दिसली की निघतात. तुम्ही त्यातलेच, मला सांगू नका. बिचारा आसाहेल उन्हाळ्यापासून दुर्बीण लावून उभा आहे आणि त्याच्या हाती एक पावशेर मीठसुद्धा लागलेलं नाही. हिटीला यातलं काही कळत नाही आणि मीही सांगितलं नाही, कारण बायकोचा आनंद मोडू नये. (शिवाय सोयही होती.)

पण गेल्या आठवड्यात धुकं पडलं आणि गोधडी दिसली नाही. मी तुमच्याकडून रमची दोन पिंपं घेऊन परतत होतो. खडकाजवळ आलो तो समोर गलबताची लहान होडी आणि तिच्यात आपला लेफ्टनंट, निळ्या कोटाची सगळी बटणं लावून. मी नेहमीप्रमाणे दोन्ही पिंपांना मिठाची पोती बांधून पाण्यात सोडली. पोतं पिंपाला तळाशी धरून ठेवतं आणि सावकाश मीठ विरघळलं की पिंप वर येतं, हे तुम्हीच मला शिकवलंत. फक्त मीठ महाग झालंय म्हणून मी या खेपेला पोती अर्धीच भरली होती.

"होडी कोणाची?" चिरंजीव गरजले.

"तुझ्या बापाची!" मी म्हणालो. "आणि ओरडतोस कशाला, मी काही बहिरा नाही."

त्याने टोपी काढली, माफी मागितली, आणि नियमाप्रमाणे होडी तपासली. माझा जेवणाचा डबासुद्धा उघडला. आईने आज मक्याची भाकरी दिली का, विचारलं. मी सांगितलं, दिली, पण बाहेरून करपलेली. असं आमचं घरगुती बोलणं चाललेलं असताना दोघांच्या मधोमध पाण्यातून एक पिंप वर आलं. मग दुसरं. ती दोन्ही तिथेच डुलत राहिली, मी कितीही डोळे वटारले तरी. त्याच्या खलाशांची पाठ इकडे होती. आसाहेलने पिंपांकडे पाहिलं, मग आभाळाकडे पाहिलं, आणि म्हणाला, "बाबा, सील मासे दिसतायत. सांभाळून जा."

घरी येईपर्यंत मला हसू आवरत नव्हतं. पण परवा तो जेवायला आला आणि भाजलेल्या घेवड्याला त्याने हात लावला नाही. चुलीवरून सनद उतरवली, कापडात गुंडाळली. म्हणाला, "बाबा, यात लिहिलंय की माझ्या निष्ठेवर विशेष विश्वास आहे. आणि मी पिंपाला सील म्हणालो. ही परत पाठवतो." मी थट्टा करायला तोंड उघडलं आणि त्यात घेवड्याचा घास घातला. ओबेड, खरं सांगतो, मला माझी लाज वाटली. त्या मुलाने आयुष्यात हे एकच मागितलं होतं. गुरुवारच्या गस्तीनंतर तो सनद टपालात टाकणार आहे. भिंतीवर चौकटीचा चौकोन तेवढा उरलाय, बाकी भिंत काळी.

असो. घरी सर्वांना नमस्कार, कुत्र्याला थोपटणे. लोभ आहेच, तो गुडघ्यासारखा दुखरा न होवो.

आपला,
जोथम

ता. क. गुरुवारी दुपारी तुम्ही खडकापाशी पकडले जाल का? फार नको, एखादं पिंप पुरे. एकदा कोणाला रीतसर पकडलं की पोराचा धीर परत येईल. गोधडीकडे लक्ष देऊ नका.

ता. क. दुसरा. मी स्वतः का पकडला जात नाही, असं तुम्ही विचाराल. मी गेलो तर त्याला पुन्हा सील दिसतील. तुम्ही त्याला लहानपणी सफरचंदं चोरली म्हणून बदडलं होतं, त्यामुळे मामाच्या बाबतीत त्याची नजर साफ आहे.

ता. क. तिसरा, हिटीच्या हातचा. ओबेडदादा, ह्यांनी हे पत्र मला लाखेने बंद करायला दिलं, म्हणून वाचलं. गुरुवारी तू घरीच बस. मी भोळी आहे असं ह्यांना वाटतं, ते वाटू दे. गोधडी मी मिरवायला शिवली नव्हती रे. एका होडीत माझा भाऊ आणि समोर तोफेपाशी माझा मुलगा, हे मला बघायचं नव्हतं. पण ती टांगून मी पोराचंच नुकसान केलं. आता ती पलंगावर घातली आहे आणि तिथेच राहील. आसाहेलला मी सगळं सांगितलं. त्याने कोटाची सगळी बटणं लावली. मग म्हणाला, सनद ठेवायची असेल तर सुरुवात सीलपासूनच, म्हणजे बाबांपासूनच, करायला हवी. तेव्हा ह्यांना मी सांगणार आहे की तू कबूल झालास, गस्त तुझ्यामागे गुंतलेली असेल, आणि धक्क्याखाली ठेवलेली ती दोन पिंपं डीकनकडे न्यायला गुरुवारसारखा दिवस नाही. हे नक्की निघतील. होडी जप्त होईल, होऊ दे. सनद पुन्हा भिंतीवर लावली आहे. ह्यांचे कोरडे मोजे मी आसाहेलजवळ देऊन ठेवलेत.