खोडदला जाणारी पोती

नारायणगाव
१८ फेब्रुवारी २००७

प्रिय डिंपल,

पाकिटावरचं अक्षर माझं आहे हे तू ओळखलंच असशील. जुन्नरच्या रजिस्टर ऑफिसात माझ्या मनाविरुद्ध तू कुंडलिकशी लग्न केलंस त्याला येत्या मार्चमध्ये आठ वर्षं होतील, आणि एवढ्या काळात मी तुला पहिल्यांदाच लिहितो आहे. खोडद इथून जीपने अर्ध्या तासावर. तरी लिहितोय, कारण समोर उभं राहून हे सगळं माझ्या तोंडून निघणार नाही.

तू गेल्यावर दोन वर्षांनी दुकानासमोरचं गटार तुंबलं होतं. अष्टविनायकाच्या बस आपल्या दुकानापाशी थांबतात, हे तुला माहीतच आहे. माणसं उतरतात, उभ्याउभ्या ज्यूस पितात आणि रिकामं खोकं नळीसकट गटारात टाकून बसमध्ये चढतात. त्या ऑगस्टमध्ये पाणी मागच्या गोदामात शिरलं आणि साखरेची पोती भिजली. ग्रामपंचायतीच्या माणसांनी फावड्याने गाळ उपसला, तर पाट्याच्या पाट्या भरून आपल्याच दुकानातली खोकी निघाली. मी येणाऱ्या-जाणाऱ्यांना नावं ठेवत बसलो. तुझी मम्मी एवढंच म्हणाली, की विकतो तर आपणच. दुसऱ्या दिवशी तिने दारात एक पत्र्याचा डबा ठेवला आणि गिऱ्हाइकांना खोकं त्यात टाकायला सांगू लागली. दुपारी दुकान शांत झालं की मागच्या नळावर बसून ती एकेक खोकं विसळायची, वरचं तोंड कात्रीने कापायची, दोरीवर वाळवायची आणि चपटं करून पोत्यात भरायची. मी विचारलं तेव्हा म्हणाली, भंगारवाला नेतो. बाजाराच्या दिवशी पोतं दिसेनासं व्हायचं. मी पुन्हा विचारलं नाही. तेव्हा आमच्यात बोलणंच कमी झालं होतं. तुझं नाव घरात काढायचं नाही असं मी सांगून ठेवलं होतं, आणि तिने ते पाळलं होतं.

दोन वर्षं असंच चाललं. मग एकदा जुने तेलाचे डबे घेऊन मी वारूळवाडीला हौशीराम भंगारवाल्याकडे गेलो. बोलता बोलता म्हटलं, आमच्या घरून ज्यूसची खोकी येतात ती कुठं पाठवतोस? तो म्हणाला, "शेठ, ती खोकी आमी कधीच घेतली न्हाईत. कागद, प्लास्टिक, आतला चंदेरी पत्रा, समदं एकात एक चिकटलेलं. पुण्याला नेलं तरी कुनी हात लावत न्हाई."

मी घरी काही बोललो नाही. पुढच्या बाजाराला गल्ल्यावर बसून लक्ष ठेवलं. आपल्या पायरीशेजारी भाजी विकायला बसते ती खोडदची साळुबाई तुला माहीत आहे. दिवस कलल्यावर तिने रिकाम्या पाट्या आवरल्या आणि मम्मीने मागच्या दाराने दिलेलं पोतं डोक्यावर घेतलं. मला राग आला, हे लपवत नाही. दोन दिवसांनी वसुलीचं निमित्त सांगून मी खोडदच्या जीपमध्ये बसलो. रेडिओ दुर्बिणीच्या मोठ्या तबकड्या दिसायला लागल्यावर उतरलो आणि विचारत विचारत तुमच्या मळ्यापर्यंत आलो.

तू मला पाहिलं नाहीस. रस्त्यापलीकडे लिंबाखाली मी उभा होतो. तुमच्या घराशेजारी हिरव्या जाळीच्या सावलीत आपली खोकी ओळीने मांडलेली होती. लहान खोक्यांत मिरची आणि झेंडू, लिटरच्या उंच खोक्यांत पपईची रोपं. एका बाजूला आंब्याची चित्रं, दुसऱ्या बाजूला संत्र्याची. तू कडेवर बाळ घेऊन तांब्याने एकेका खोक्यात पाणी घालत होतीस. कुंडलिक एका शेतकऱ्याला खोकं उभं चिरून दाखवत होता, की रोप मातीच्या गड्ड्यासकट कसं निघतं, मुळाला धक्का कसा लागत नाही. शेतकऱ्याने तिथल्या तिथे रोपं टेम्पोत भरायला घेतली. मी मात्र मनाशी पक्कं धरून बसलो होतो, की लोक तुम्हाला हसत असतील आणि एक दिवस तू रडत परत येशील. मी तसाच मागे फिरलो. हाक मारली असती तर बरं झालं असतं. मारली नाही.

त्यानंतर मी काय केलं ते सांगतो. लिटरची खोकी आपल्याकडे फारशी खपत नव्हती, बाजारात एवढा ज्यूस एकदम कोण विकत घेतो? मी ती जास्त मागवायला लागलो आणि बसच्या लोकांना ग्लासात ओतून विकायला लागलो, म्हणजे उंच खोकी आपल्याकडे राहतील. स्टँडवरच्या दोन हॉटेलवाल्यांना त्यांची रिकामी खोकी ठेवायला सांगितली. कापायचं काम मी स्वतःकडे घेतलं. पहिली काही वाकडी गेली, मग पट्टी लावून रेघ मारायला शिकलो. दुपारी मम्मी विसळायची, मी कापायचो. साडेतीन वर्षं आम्ही दोघं त्या नळाशी शेजारी बसलो, आणि ही खोकी कुणासाठी हे तिने सांगितलं नाही, मला ठाऊक आहे हे मी सांगितलं नाही. गंमत म्हणजे त्या बसण्यातून आमचं बोलणं पुन्हा सुरू झालं. भाव, पाहुणे, कुणाचं लग्न, असं काहीही बोलायचो. तुझ्याशिवाय सगळं.

गेले चार बाजार पोतं आलं नाही. साळुबाईने दोनदा विचारलं. मी तिला सांगितलं की मम्मी पुण्याला नात्यात गेली आहे. ते खोटं होतं. २२ जानेवारीला सकाळी चहा करताना ती ओट्याशी कोसळली. उजव्या अंगावरून वारं गेलं. पुण्याच्या दवाखान्यात अकरा दिवस होती, आता घरी आणलं आहे. जिवाला धोका नाही असं डॉक्टर म्हणतात, पण उजवा हात उचलत नाही आणि बोलणं तोंडात घोटाळतं. तुला त्याच दिवशी कळवायला हवं होतं. तू येशील, आणि दारात मला बघून परत जाशील, या भीतीने मी कळवलं नाही. ही माझी चूक आहे, आणि ती मोठी आहे.

काल दुपारी तिला भरवत होतो. ती कोपऱ्यातल्या पोत्याकडे बघून काहीतरी म्हणत होती. दोनदा ऐकलं तेव्हा कळलं, खोडद म्हणते आहे. मग मी तिला सगळं सांगितलं, हौशीरामचं, लिंबाखाली उभं राहिल्याचं. मला वाटलं तिला धक्का बसेल. ती अर्ध्या तोंडाने हसली आणि एकेक शब्द जुळवत म्हणाली, "मला माहीत होतं. भंगारवाल्यासाठी कुणी पट्टी लावून कापतं का?" मग म्हणाली, "मला तिच्याकडे ने."

म्हणून हे पत्र. येत्या रविवारी सकाळी मी जीप ठरवली आहे. आपल्या ओळखीच्या चिमाजीचीच आहे, तो सावकाश आणेल. मम्मीला मागच्या सीटवर आडवं झोपवून आणतो. तिचे महिनाभराचे कपडे, औषधं आणि डॉक्टरांचे कागद सोबत असतील. हाताला रोज दोन वेळा व्यायाम द्यायचा आहे, तो मी शिकून घेतला आहे, तुला दाखवतो. मम्मीला महिनाभर तुमच्याकडे ठेवता येईल का ते कुंडलिकरावांना विचार, आणि त्यांचं जे म्हणणं असेल ते साळुबाईजवळ शनिवारच्या बाजाराला सांगून पाठव. तेव्हा तुझ्या कडेवर होती त्या प्राचीला सांग की तिची नानी येते आहे. माझ्याबद्दल तिला काय सांगायचं ते तू ठरव. मला घरात बोलावलं नाहीस तरी मी तुझ्या मम्मीला आत टेकवून रस्त्यावर जीपमध्ये बसेन. तक्रार करणार नाही.

तुझाच,
पप्पा