बावीस घड्याळांचा वायदा

तीर्थस्वरूप दादास,

साष्टांग नमस्कार. (पत्रात तीर्थस्वरूप आणि फोनवर ‘अरे दाद्या’, ही आपल्या घरची जुनी रीत. तेव्हा पुढे अरेतुरे आलं तर मनावर घेऊ नकोस.) इकडे सगळे ठीक. आईचे गुडघे कुरकुरतात, पण आईपेक्षा कमीच. तुझी भावजय मजेत. आमची छकुली इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला गेल्यापासून दिसेल त्या भिंतीला नावं ठेवते. माझ्या दुकानात गिऱ्हाइकं येऊन शिव्या देतात, म्हणजे शिंप्याचा धंदा बरा चाललाय. तुझी तब्येत विचारत नाही, कारण तू ‘बरी आहे’ म्हणणार आणि फोन ठेवणार. तुझ्या लेकीने मला सगळं सांगितलंय. दिवसभर तिच्या घरी खिडकीशी बसतोस, सारखं रिकामं मनगट बघतोस, आणि हत्यारांची पेटी कपाटाच्या तळाशी चादरींखाली घालून ठेवली आहेस. भूकंपाला चौदा महिने झाले, तेव्हापासून तू घड्याळदुरुस्तीचा चिमटा हातात धरलेला नाहीस. दादा, मला हे ऐकून फार वाईट वाटतं. ते लिहून टाकलं, आता मूळ विषयाकडे वळतो.

तर आम्ही शनिवार-रविवार तुझ्या जुन्या शहरात जाऊन आलो. रागावू नकोस, आधी वाच. भूकंपाच्या ढिगाऱ्यात सापडलेल्या वस्तूंची तिथल्या कचेरीने यादी केली आहे, त्यात तुझ्या दुकानाचं नाव होतं. तुझा पत्ता त्यांच्याकडे नाही, म्हणून नोटीस माझ्याकडे आली. महिनाअखेरपर्यंत नेलं नाही तर विल्हेवाट लावू, असं त्यात लिहिलेलं. फोनवर तुला विचारलं तर तू म्हणालास, टाकून दे. आता सांग, तीस वर्षं कात्री चालवणारा माणूस मी, चार बोटांची चिंधी टाकवत नाही माझ्याच्याने. शिवाय भावजयीने कुठेतरी वाचलं होतं की त्या शहराला आता पाहुणे हवे आहेत, चार लोक राहायला आले की तिथल्यांचं चार दिवस बरं चालतं. म्हणून सहकुटुंब निघालो. आई घडीची खुर्ची घेऊन निघाली. (पडलेल्या शहरात बसायला कुठे मिळणार, हे तिचं म्हणणं. मी हसलो होतो. पुढे त्या खुर्चीनेच लाज राखली.)

हॉटेलवाला भला माणूस, पण खोलीत छतापासून दिव्याच्या बटणापर्यंत भेग. मी नुसतं तिकडे पाहिलं तर म्हणाला, ही भूकंपाची नाही हो, ही आमची जुनी आहे. फार अभिमानाने म्हणाला. छकुलीने लगेच भेगेवर पेन्सिलीने आडवी रेघ मारली, भेग वाढते का ते बघायला, आणि तेव्हापासून आमच्यापैकी कोणीही त्या भिंतीकडे पाठ करून बसेना. आई तेवढी निवांत. तिचं म्हणणं, माझं वय बघता मीच आधी पडणार.

मग पत्ता शोधायचा प्रसंग. दादा, तुमच्या शहरातली माणसं अजून नसलेल्या गोष्टींवरून पत्ता सांगतात. बेकरी होती तिथून डावीकडे वळा, मग दोन मजली लायब्ररी होती ती सोडा, निळ्या फाटकासमोर थांबा. बेकरी नाही, लायब्ररी नाही, फाटक तर नाहीच. नुसतं सपाट मैदान, मधून सरळ आखलेला नवा रस्ता आणि कडेला विटांचे ढीग. छकुलीच्या फोनमधला नकाशा चक्रावला. आम्ही तिघं वेड्यासारखे उभे. आणि आई, जिला आमच्या गावात कोपऱ्यावरचं दुकान सापडत नाही, ती खुर्ची काखोटीला मारून तरातरा पुढे. बेकरी इथे, म्हणाली, इथे माझ्या थोरल्या सुनेने मला थांबवून गरम पाव घेतला होता. लायब्ररी इथे. अन् हे तुमच्या दादाचं दुकान. तिथे गवत उगवलंय रे. बोटभर उंच. आईने खुर्ची उघडली आणि जिथे वहिनी काउंटरमागे बसायची, बरोबर त्याच्या समोर, गिऱ्हाइकाच्या जागी बसली. तू त्या दुपारी पोस्टमास्तरांकडे भिंतीवरचं घड्याळ टांगायला गेला होतास आणि वहिनी दुकानात एकटी सापडली, एवढाच तुझा गुन्हा. तो गुन्हा नाही, दादा. हे मी तुला तोंडावर कधी सांगू शकलो नाही, म्हणून इथे लिहितो. मी रडलो. भावजयही रडली. छकुली विटा मोजत राहिली.

वस्तू ठेवल्यात त्या शाळेच्या व्यायामशाळेत. दारातच काचेच्या पेटीत एक मोठं घड्याळ आणि खाली पाटी: ‘त्या क्षणी थांबलेली वेळ’. लोक समोर मान खाली घालून उभे. मीही घातली. मग वर बघतो तर काटे दहा वाजून दहा मिनिटांवर! अरे, भूकंप झाला दुपारी पावणेचारला. ते तुझं दर्शनी घड्याळ, दादा! स्प्रिंगअभावी सहा वर्षं बंद पडलेलं, आणि तू रोज ‘उद्या बघतो’ म्हणायचास ते. मी गप्प बसणार होतो, पण आईला गप्प बसता येतं का? तिने भर दारात जाहीर केलं की हे घड्याळ भूकंपाने नाही, माझ्या थोरल्याच्या आळसाने थांबलंय. पाटी लिहिणारे चष्मेवाले गृहस्थ आधी लाल झाले, मग म्हणाले की धक्क्याने काटे सरकले असतील. सहा तास? असं आईने विचारलं. रांगेतल्या एक बाई खुदकन हसल्या, आणि मग सगळेच हसले. चष्मेवालेसुद्धा.

आत तुझ्या नावाने एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. लोखंडी कपाटात होता म्हणून वाचला. उघडला तर तेवीस कागदी पुड्या, प्रत्येकीत एक मनगटी घड्याळ आणि दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी. वहिनीचं अक्षर. मालक, बिघाड, वायदा. मी भाऊ म्हणून सही करत होतो, एवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं, घड्याळवाले आले! (आपलं नाक एकच, त्याला मी काय करू? बाबांना विचारायला हवं होतं.) तुझी अख्खी गल्ली त्या शाळेमागच्या पत्र्याच्या खोल्यांत राहते. पहिल्या आल्या त्या हॉस्पिटलातल्या थोरल्या नर्सबाई. त्यांनी माझे दोन्ही हात धरले, आणि म्हणाल्या, “अहो, आम्हाला वाटलं तुम्हीही गेलात.” आणि हुंदका आला त्यांना. दादा, मी खरं सांगायला तोंड उघडलं होतं, आईशप्पथ. पण तीस वर्षांची सवय. समोर गिऱ्हाईक हताश उभं राहिलं की शिंप्याच्या तोंडातून एकच वाक्य निघतं. मी म्हणालो, “पुढच्या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी घेऊन जा.”

झालं. बाईंनी डोळे पुसले, आणि गल्लीभर बातमी. भावजय मला कोपराने ढोसत होती, पण आईने खुर्ची टाकून रांग लावायला घेतली होती, आणि छकुली एकेक चिठ्ठी मोठ्याने वाचत होती. वहिनी काय लिहायची रे! नर्सबाईंच्या चिठ्ठीवर: ‘रोज पाच मिनिटं पुढे. घड्याळ ठीक, बाईच घाईत.’ ड्रायव्हरांच्या: ‘काच फुटली. म्हणतात आपोआप. बायको वेगळं सांगते.’ बँकेतल्या साहेबांच्या: ‘काही बिघाड नाही. गप्पा मारायला येतात, येऊ द्यावं.’ लोक हसत होते आणि रडत होते, आणि पुन्हा वाचा म्हणत होते. साहेब स्वतः आले नाहीत, त्यांची सून आली. तिने ती चिठ्ठी तीनदा वाचून घेतली आणि मग मागितली. मी दिली. अशा चार पुड्यांसाठी मुलं-सुना आल्या, अठरांसाठी माणसं स्वतः आली, आणि प्रत्येकाला मी तोच वायदा ठणकावून दिला. दुसऱ्या दिवशी बसमध्ये बसलो तेव्हा मला घाम फुटला. घड्याळाचं झाकण कुठून उघडतात हेसुद्धा मला ठाऊक नाही.

असो. एकूण सहल छान झाली, हवा चांगली होती. तू काही मनाला लावून घेऊ नकोस, खाणंपिणं वेळेवर कर, लेकीला त्रास देऊ नकोस. आईचा तुला आशीर्वाद, भावजयीचा नमस्कार, छकुलीचा तुझ्या खोलीच्या भिंती तपासून घेण्याचा आग्रह.

तुझा धाकटा,
खोट्या वायद्यांचा शिंपी

ता. क. पेन्सिलीची रेघ तशीच राहिली. भेग वाढली नाही. हॉटेलवाला म्हणाला, सांगितलं नव्हतं का?

ता. क. आणखी एक. सरळच लिहितो. तू ये. बावीस जणांना तारीख दिली आहे, तीही तुझ्या नावाने आणि तुझ्या नाकाने. मी तू नाही, हे त्यांना अजून माहीत नाही, आणि नर्सबाईंना ते सांगायची माझी छाती नाही. शाळेच्या मुख्याध्यापिकांनी उत्तरेच्या खिडकीखाली एक बाक दिला आहे. उजेड चांगला आहे, मी सुईत दोरा ओवून पाहिला. डबा मी पाठवणार नाही. हवा तर येऊन घे, आणि येताना चादरींखालची पेटी आण. शिव्या दिल्यास तरी चालतील, मला सवय आहे.

ता. क. शेवटचा. तेविसाव्या पुडीसाठी कोणी आलं नाही. ती तुझीच आहे. तुला वाटतं तुझं घड्याळ ढिगाऱ्यात गेलं. ते तिने काढून पुडीत बांधून ठेवलं होतं. चिठ्ठी जशीच्या तशी उतरवतो: ‘मालक: आमचे हे. बिघाड: जगाची घड्याळं लावतात, स्वतःचं बघायला वेळ नाही. वायदा:’ आणि पुढे कोरं. बावीस जणांना बिनदिक्कत तारीख देणारा मी, पेन काढून बराच वेळ बसलो, पण ही एक तारीख माझ्याच्याने टाकवली नाही. तिथे जागा आहे, दादा. तू टाक.