मागच्या काचेवरचं नाव

सेंट-रेमी, मेन
शनिवार, ९ एप्रिल १९८८

ती. ओदील आत्यास,
नोएलाचा शि. सा. न. वि. वि.

दोन्ही पाकिटं आली, आणि दोन्ही जाड! पातळ पाकीट म्हणजे नकाराचा एकच कागद आणि जाड म्हणजे फॉर्म, पुस्तिका, खोलीचे नियम, हे पोस्टातल्या थेरिओबाईंना आता पाठ झालंय. त्यांनी दोन्ही पाकिटं तळहातावर तोलली आणि मी पोचायच्या आत निम्म्या गावाला निकाल सांगून टाकला. माझं अभिनंदन रस्त्यातच झालं, पाकिटं नंतर हातात पडली.

एक ब्रॅमहॉलचं, दुसरं ओहायोतल्या कॉर्विनचं. दोन्ही कॉलेजं एवढीशीच; ईस्टरला आपल्या चर्चमध्ये जमतात त्याहून थोडीच जास्त मुलं. फीची मदत दोघांनीही सारखीच देऊ केलीये, त्यामुळे तो प्रश्न मिटला. ब्रॅमहॉल गाडीने चार तासांवर, कॉर्विन बसने दीड दिवस. ब्रॅमहॉल मी बाबांबरोबर बटाटे काढायच्या सुट्टीत पाहून आले होते, कॉर्विन फक्त कागदावर पाहिलंय. उत्तरावर एक मेच्या आतला पोस्टाचा शिक्का हवा.

पण खरी गंमत पुढेच आहे. ब्रॅमहॉलच्या पाकिटात गाडीला लावायचा स्टिकर होता. मी बाकीचे कागद वाचेपर्यंत बाबा बाहेर जाऊन तो पिकअपच्या मागच्या काचेवर चिकटवूनही आले! आई म्हणाली, पोरीला विचारायचं तरी. तर बाबा म्हणाले की त्यात विचारायचं काय, ज्यांनी माझ्या ताईला पातळ पाकीट धाडलं त्यांनाच माझ्या पोरीला जाड पाकीट धाडावं लागलं, हे सगळ्या खोऱ्याला दिसू दे. आत्या, त्यांचे डोळे भरून आले होते. गेल्या वर्षी निम्मं पीक सडलं तेव्हासुद्धा ते रडले नव्हते.

मी कागद परत पाकिटात भरले. आता तूच सांग काय करू ते.

तुझ्या मायेची हावरी,
नोएला

---

लोवेल
१३ एप्रिल १९८८

चि. नोएला हीस,
आत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि अशी ओरडले की शेजारच्या मारियाच्या हातातलं सूप माझ्या मांडीवर आलं. दोन जाड पाकिटं! शाब्बास माझ्या वाघिणी. संध्याकाळी सगळ्या बायकांना केक खाऊ घातला. कॉलेज कुठलं ते त्यांनी विचारलं नाही, केक कुठल्या बेकरीतला ते मात्र विचारलं.

आर्मांला माझा निरोप दे की मुलीनं होकार द्यायच्या आधी लग्नपत्रिका छापणारा बाप मी पहिल्यांदाच पाहिला. माझ्या पाकिटाची गोष्ट त्याने आता सोडून द्यावी. फार जुनी झाली ती, आणि तिच्यावरून कोणी काही ठरवावं इतकी मोठीही नाही.

तू कॉर्विन बघून ये. बस लांबची आहे, पण तुझी हाडं तरणी आहेत. आणि परत आलीस की मला ‘छान आहे’, ‘सुंदर आहे’ असलं काही लिहू नकोस. ते सगळं त्यांच्या पुस्तिकेत छापलेलं असतं. काय खाल्लंस, कुठे झोपलीस, कोण काय बोललं, तेवढं लिही. त्यावरून मला कळेल.

येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर प्लॉयचं पीठ पाठव. इथल्या दुकानातल्या पिठाची धिरडी म्हणजे पुठ्ठा.

आठवण ठेवणारी,
ओदील आत्या

---

सेंट-रेमी
२२ एप्रिल १९८८

ती. ओदील आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

कॉर्विन बघून आले. तू सांगितलंस तसंच लिहिते. झोपले एका अनोळखी मुलीच्या खोलीत, जमिनीवर, आपली झोपायची पिशवी पसरून. खाल्लं ते मक्याचं सूप, त्यात मीठ नव्हतं. इमारती बेताच्याच. ब्रॅमहॉलला समुद्र दिसतो, विटांवर वेली चढल्यात, आणि आम्हाला फिरवणारा मुलगा तासभर उलटा चालत बोलत होता तरी एकदाही अडखळला नाही. कॉर्विनला फिरवणारी मुलगी दोनदा कुंपणावर आदळली.

मग मला एका वर्गात बसवलं. नऊ मुलं, एक टेबल, आणि त्या टेबलापाशीच बसलेल्या प्राध्यापक बाई. त्यांनी कुठल्याशा जुन्या गावाचा नकाशा फिरवला आणि विचारलं की इथली शेतं अशी फितीसारखी लांब आणि अरुंद का असतील. सगळे नकाशात डोकावले. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, मी तर नुसती पाहुणी आहे. तर त्या म्हणाल्या की पाहुण्यांनाही मत असतं, आणि वाट पाहत बसल्या. आत्या, त्या नुसत्या वाट पाहत बसल्या! उत्तर सुचवलं नाही, दुसऱ्याकडे वळल्या नाहीत. शेवटी मी सांगितलं की आमची शेतं अशीच आहेत, कारण प्रत्येकाला नदीचा काठ हवा होता आणि बाप मेल्यावर प्रत्येक भावालाही तो हवाच होता. एका मुलाने ते खोडून काढलं. मी त्याला खोडून काढलं. घंटा झाली तरी आम्ही भांडतच होतो आणि भांडत भांडतच जेवायला गेलो.

घरी आल्यावर मी हे जेवताना सांगितलं, दोनदा. आई म्हणाली, काटा खाली ठेव, कुणाच्या तरी डोळ्यात जाईल.

पण आत्या, मी ब्रॅमहॉलला जायचं ठरवलंय. तिथलं होकाराचं कार्ड भरलं, उद्या बाबांकडे देते, सोमवारी ते पोस्टात टाकतील. मी नव्हते तेवढ्या दिवसांत बाबा ती पिकअप घेऊन खोऱ्यातल्या प्रत्येक दुकानापुढे उभे राहिलेत. शेतकरी सोसायटीतली माणसं त्यांना ‘प्रोफेसर’ म्हणून चिडवतात आणि ते खूश होतात. तुझा झालेला अपमान त्यांना इतकी वर्षं सलतोय आणि तो मी भरून काढू शकते. कॉर्विनला गेले तर त्यांना तो स्टिकर सगळ्यांसमोर खरवडावा लागेल. ते मला बघवणार नाही. तुझं बरं होतं, तुला कॉलेजनेच नाही म्हटलं. कुणाचं मन मोडायची पाळी तुझ्यावर आली नाही.

रागावू नकोस. माया आहे तशीच राहू दे.
नोएला

---

लोवेल
२६ एप्रिल १९८८

चि. नोएला हीस,
अनेक आशीर्वाद.

‘तुला कॉलेजनेच नाही म्हटलं’ ही तुझ्या पत्रातली ओळ वाचली आणि कामावर गेले नाही. तेवीस वर्षांत ही दुसरी रजा.

माझं पाकीट जाड होतं.

१९४९ सालचा एप्रिल. पोस्टमन मला रस्त्यावरच भेटला. बटाट्याच्या कोठीमागे उभी राहून मी ते फोडलं आणि सगळं वाचलं: कुठली खोली, किती चादरी आणायच्या. तोवर मी नदीच्या पलीकडेसुद्धा एकटी गेले नव्हते. घरात आले आणि सांगितलं की पाकीट पातळ होतं. मग ब्रॅमहॉलला मीच कळवलं की घरच्या अडचणीमुळे येता येत नाही.

घरची अडचण काही नव्हती. तुझ्या आजोबांनी तर माझ्यासाठी प्रवासाची पेटी घेऊन ठेवली होती. पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आले की म्हाताऱ्याला एकटं टाकवलं नाही. ते खोटं आहे. मी घाबरले होते, आणि भीतीला बापाचं नाव दिलं की ती भीती वाटत नाही, चांगुलपणा वाटतो. मग सगळे माझ्याशी इतके गोड वागायला लागले की खरं सांगायची वेळच निघून गेली. तुझे आजोबा मरेपर्यंत ब्रॅमहॉलला शिव्या देत होते. आर्मां तेव्हा पंधरा वर्षांचा. पुढच्या ईस्टरला ब्रॅमहॉलची मुलं आपल्या चर्चमध्ये गायला आली, तेव्हा त्याने त्यांच्या बसमध्ये पिंपभर सडके बटाटे ओतले. माझ्यासाठी!

तेव्हा पोरी, तुला कुठला अपमान भरून काढायचा नाहीये, कारण तो झालाच नाही. ब्रॅमहॉल आवडलं असेल तर खुशाल जा. बाबांसाठी म्हणून जाऊ नकोस. त्या प्राध्यापक बाईंबद्दल तू दोन पानं लिहिलीस आणि ब्रॅमहॉलबद्दल समुद्र, वेली आणि उलटा चालणारा मुलगा, एवढंच.

सोबत ब्रॅमहॉलचं ते जुनं पत्र पाठवते आहे. माझ्या या पत्रासकट ते आर्मांला वाचायला दे. त्याला थेट लिहायची हिंमत मला आजही होत नाही.

क्षमा मागणारी,
तुझी आत्या

---

सेंट-रेमी
शनिवार, ३० एप्रिल १९८८

ती. ओदीलताईस,
आर्मांचा सा. न.

मला पत्र लिहिता येत नाही हे तुला माहीत आहे. आज रागात आहे म्हणून येतंय.

एकोणचाळीस वर्षं, ताई! त्या बटाट्यांपायी फादरांनी मला महिनाभर चर्चच्या पायऱ्या घासायला लावल्या होत्या. मी हुतात्म्याच्या थाटात घासत होतो आणि तू येता-जाता मला गोळ्या आणून देत होतीस. त्या गाणाऱ्या पोरांचं बिचाऱ्यांचं काय चुकलं होतं गं?

सकाळी कोठीत आम्ही दोघं बेणं कापत बसलो होतो. रेजीनने पोस्टातून तुझं पाकीट आणून लेकीच्या हातात दिलं. नोएलाने वाचलं, माझ्या हातात दिलं. मी दोन्ही पत्रं दोनदा वाचली. तुझ्या जुन्या कागदावर माझ्या अंगठ्याची माती लागली आहे, ती निघत नाही.

मग मी तिला विचारलं, कुठलं कॉलेज? ब्रॅमहॉल, म्हणाली, पाढा म्हटल्यासारखं. मला तिच्या त्या बाई आठवल्या, म्हटलं आपणही वाट पाहून बघू. तुला माहीत आहे, वाट पाहणं हे माझं काम नव्हे. अकरा बटाटे कापून झाले. बाराव्याला तिने सुरी खाली ठेवली, कॉर्विन म्हणाली आणि रडायला लागली. म्हणाली, आता बोलून काय उपयोग, ब्रॅमहॉलचं कार्ड तर सोमवारीच गेलं.

ताई, ते कार्ड माझ्या कोटाच्या खिशात होतं. सोमवारी पोस्टापुढून गेलो, थांबलो नाही. मंगळवारी तसंच. बुधवारी आत गेलो, तिकिटं विकत घेतली आणि परत आलो. पोरगी कॉर्विनबद्दल बोलताना जेवण विसरते, आणि ब्रॅमहॉलचं विचारलं की म्हणते, छान आहे बाबा. मला काय ऐकू येत नव्हतं? पण मला तो स्टिकरही हवा होता. म्हणून कार्ड टाकलंही नाही आणि तिला बोललोही नाही. तुझाच भाऊ ना मी.

उद्या रविवार, आणि पोस्टाची खिडकी आज बाराला बंद होणार होती. साडेअकराला आम्ही तशाच मातीच्या हातांनी निघालो. नोएलाने कॉर्विनचं कार्ड गाडीत मांडीवर धरून भरलं. थेरिओबाई कुलूप हातात घेऊन उभ्याच होत्या. त्यांनी कार्ड वाचलं, मागच्या काचेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि शिक्का मारला. घरी पोचेपर्यंत दोन शेजारी चौकशी करून गेले होते. ब्रॅमहॉलचं कार्ड मी चुलीत टाकलं.

स्टिकर बेण्याच्या सुरीने खरवडला. निम्माच निघाला. सोसायटीतली माणसं आता काय ते चिडवतील. चिडवू देत.

तुझं जुनं पत्र रेजीनने स्वयंपाकघराच्या भिंतीवर फ्रेममध्ये लावलंय, माझ्या अंगठ्यासकट. येईल त्याला मी दाखवणार आणि सांगणार की आमची ओदील पास झाली होती. आज बाबा असते तर त्यांनी सगळ्या गावाला पाजली असती, आणि मग तुला झोडपलं असतं.

ऑगस्टअखेर नोएलाला सोडायला आम्ही पिकअपने कॉर्विनला निघू. रेजीन गुरांपाशी थांबेल. वाट लोवेलवरूनच आहे आणि पुढच्या सीटवर तिघं मावतात. नोएलाला तुला तो वर्ग दाखवायचा आहे, आणि पाहुण्यांनाही तिथे बसू देतात म्हणे. प्लॉयचं पीठ घेऊन येतो. पेटी भरून ठेव. या खेपेला भीती वाटली तर भीती वाटते असंच सांग. पाकीट पातळ होतं म्हणू नकोस.

राग संध्याकाळपर्यंत जाईल, लोभ जाणार नाही.

तुझा धाकटा,
आर्मां