तेलाखालची वीज

माय, तू मला घरी न्यायला म्हणून धुळ्याला आली होतीस. चोपड्याहून मोटारीने, मांडीवर ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पिठाचं गाठोडं घेऊन. सबस्टेशनच्या फाटकाशी उभी राहून तू रखवालदाराला आपल्या बोलीत एवढंच म्हणालीस, "मना पोऱ्या आठे शे," माझा पोरगा इथे आहे. मी आतून धावत आलो तर तुझी नजर माझ्यावर नव्हतीच. ती होती माझ्या मागे, खांबांवरून आत येणाऱ्या तारांवर. दुसरी मोठी लढाई चालू होती, पेट्रोल मिळेना म्हणून मोटारी कोळशाच्या गॅसवर रखडत चालायच्या, आणि तू सकाळपासूनच्या प्रवासाने धुळीने पांढरी झाली होतीस. पाणी पिण्याआधीच तू बोललीस, "तुना बापले लई गयी ती, आनि तू तिनीच चाकरी करस?"

आबा गेले तेव्हा मी तुझ्या कडेवर होतो. शेतात बैल सोडायला गेले आणि बांधावरच्या निंबाखाली वीज पडली. आबा आणि दोन्ही बैल जागच्या जागी गेले. हे मला तू कधी सांगितलं नाहीस, मामांनी सांगितलं. मी पाहिलं ते एवढंच, की आभाळ वाजलं की तू पदर तोंडावर ओढून कोपऱ्यात बसायचीस आणि त्यानंतर दिवसभर कुणाशी बोलायची नाहीस. मामांनी मला जळगावला शिकायला ठेवलं, तिथून मी कारखान्यात लागलो, तिथून इथे. मी विजेच्या कामावर आहे हे तुला वर्षभर कुणी सांगितलंच नव्हतं. आभाळातली आणि तारांतली, घरात त्या दोन्ही विजांना शब्द एकच, मग तुला वेगळं काय वाटणार?

मी म्हणालो, परवा एका ब्रेकरची चाचणी आहे, तेवढी होऊ दे, मग बोलू. आमचे साहेब पुण्याकडचे, कामात फार कडक. मी भीत भीत विचारलं, आईला पाहू देऊ का. त्यांनी तुझ्याकडे पाहिलं, व्हरांड्यात स्वतः खुर्ची ठेवली आणि म्हणाले, "आई, इथून सगळं दिसेल. त्या पिवळ्या पट्ट्याच्या आत मात्र यायचं नाही. लाईन बंद असल्याची खात्री केल्याशिवाय मीसुद्धा जात नाही." तू खुर्चीवर बसली नाहीस. खुर्चीशेजारी फरशीवर बसलीस.

तो ब्रेकर मी आत्ताही डोळ्यांसमोर आणतो. माणसाच्या छातीएवढ्या उंचीची लोखंडी टाकी, आत काठोकाठ तेल, आणि तेलात बुडालेले, एकमेकांना टेकलेले तांब्याचे जाड संपर्क. बाहेर लाईनवर काही बिघडलं, प्रवाह नको तितका वाढला, की ते संपर्क आपोआप एकमेकांपासून सुटायचे. सुटताना त्यांच्यामध्ये जी ठिणगी उठते ती साधी नसते, उघड्यावर ती लोखंड वितळवेल. ती तेलाखाली गुदमरून विझावी, एवढ्यासाठी सगळा खटाटोप. म्हणून तेल आधी तपासायचं. लढाईमुळे नवं तेल मिळत नव्हतं, जुनंच कागदातून गाळून गाळून वापरायचो. तेलाची वाटी भरली, तिच्यातल्या दोन पितळी गोळ्यांमध्ये विजेचा दाब चढवत नेला, आणि काटा निम्म्यावरही गेला नसेल तोच गोळ्यांमध्ये निळी रेघ चमकली. तेलात ओल होती, ते दाब पेलत नव्हतं. मी चटकन तुझ्याकडे पाहिलं. मला वाटलं पदर वर गेला असेल. तू गुडघ्यांवर पुढे झुकली होतीस. "वाटीमा ईज शे," तू हळूच म्हणालीस, मला नाही, स्वतःलाच.

साहेबांनी तेल पुन्हा गाळायला लावलं. ठरलेली वेळ टळली, वरून विचारणा झाली, ते म्हणाले, ओल्या तेलावर मी गाव सोपवणार नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तेल टिकलं. मग शेवटचं काम: ब्रेकर चालू स्थितीत आणून त्याच्या बिघाड ओळखणाऱ्या रक्षक यंत्रात लहानसा चाचणीचा प्रवाह सोडायचा आणि ब्रेकर स्वतःहून सुटतो का ते पाहायचं. साहेबांनी हात वर केला. क्षणभर काही नाही. मग टाकीतून असा धमाका आला की जमीन तळपायांना लागली आणि खांबांवरचे पारवे उडाले. तू उठून उभी राहिलीस. विचारलंस, "मरनी का?" साहेब म्हणाले, "मेली नाही आई. अडवली." तू बराच वेळ त्या टाकीकडे पाहत राहिलीस. देवळात जसं पाहतात तसं. घरी चल, हे त्या संध्याकाळी तू म्हणाली नाहीस. कळण्याच्या भाकरी केल्यास आणि मला वाढत राहिलीस.

तू थांबलीस ते आश्विनापर्यंत. त्या दुपारी आभाळ एकाएकी काळं झालं. साहेब जळगावला गेलेले, यंत्रांपाशी मी एकटा, आणि तू माझी भाकरी घेऊन आलेली. पांझरा नदीच्या बाजूला आभाळ फाटल्यासारखा आवाज झाला आणि त्याच दमात आमचा ब्रेकर सुटला. तोच धमाका, पण या वेळी खरा. काटे शून्यावर पडले. तू कोपऱ्यात गेली होतीस, पदर तोंडावर. थोड्याच वेळात फोन वाजला. दवाखान्यातून निरोप होता, टेबलावर बाळंतीण आहे, दिवा गेला, लगेच द्या. ब्रेकर पुन्हा जोडायचं हॅण्डल माझ्या हाताशी होतं. एकदा ओढून पाहायला काय हरकत, असं कुणालाही वाटलं असतं. मलाही वाटलं. पण साहेबांचा नियम होता, लाईन फिरून डोळ्यांनी पाहिल्याशिवाय वीज परत द्यायची नाही. मी फोनवर म्हणालो, पेट्रोमॅक्स लावा, मी आत्ता देऊ शकत नाही. पलीकडून जे ऐकून घेतलं ते तुला सांगत नाही. फोन ठेवून मी लाईनमनना लाईन पाहायला धाडलं. तू कोपऱ्यातून विचारलंस, "आते काय?" मी म्हणालो, माणसं सायकलवर गेलीत, ती येईपर्यंत काही नाही.

एक लाईनमन परत आला तो एका बैलगाडीसोबत चालत. गाडीवाला भिजून निथळत होता. लाईनमनने सांगितलं, खांबावर वीज पडली, तार धरणारे चिनी मातीचे इन्सुलेटर फुटले आणि तार सुटून खाली आली. "तार जूवर पडनी," गाडीवाला म्हणाला. "बायको, पोरे, बठ्ठा गाडीमा व्हतात. कोनले काई व्हयनं नही." गाडीत त्याची बायको दोन लेकरांना पोटाशी धरून बसलेली. तार खाली पोचण्याआधीच ब्रेकरने तिच्यातला प्रवाह तोडला होता. आणि ती गाडीवर पडलेली असताना मी हॅण्डल ओढलं असतं तर त्या तारेत पुन्हा वीज आली असती.

पाऊस चालूच होता. तू त्या पावसात बाहेर गेलीस. डोक्यावर काही न घेता, आभाळ अजून गुरगुरत असताना. एका बैलाच्या मानेवर हात ठेवलास, मग दुसऱ्याच्या. ती ओली, गरम, हलणारी मान तू कुरवाळत राहिलीस. "बैलबी वाचनात," म्हणालीस, आणि मग रडलीस. आबांसाठी रडताना मी तुला कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी तू मोठ्याने रडलीस, आणि ती अनोळखी बाई गाडीतून उतरून तुझ्या गळ्यात पडली.

दवाखान्यातली बाळंतीण पेट्रोमॅक्सच्या उजेडात सुटली, मुलगी झाली. साहेब परतल्यावर त्यांनी सगळं ऐकलं, ब्रेकरची टाकी उतरवली, करपलेले संपर्क पाहिले आणि फक्त टोपी काढली. तू दुसऱ्या आठवड्यात चोपड्याला परत निघालीस, एकटी. मोटारीत चढताना म्हणालीस, "तू आठेच राह्य."

त्यानंतर मी आयुष्यभर हेच काम केलं. त्याहून कितीतरी मोठे ब्रेकर तपासले, आणि प्रत्येक वेळी तो धमाका ऐकताना अंगावर काटा आला. तू जाऊनही आता खूप वर्षं झाली. हे तुला कुठे धाडायचं नाही, आणि तू असतीस तरी कुणाकडून तरी वाचूनच घ्यावं लागलं असतं. पण एक सांगतो. मी हे आपल्या बोलीत लिहायला बसलो होतो. चार ओळी लिहिल्या, खोडल्या. तुझे शब्द कानात आहेत, माझे मात्र येईनात. ती बोली मी तुझ्याशीच बोलायचो, माय, आणि तू गेल्यापासून कुणाशी बोललो नाही.