किती गेले, विचारायचं नाई

मंगळवार, संध्याकाळ

आज किती दिवसांनी घास गोड लागला.

आमची सोनू भारताच्या सतरा वर्षांखालच्या पोरींच्या टीमची गोलकीपर. ह्या स्पर्धेतले आधीचे तिन्ही सामने हरले. टीम हरली असं आमच्या मूल गावात कोणी म्हणत नाई, सोनूनं इतके गोल खाल्ले म्हणतात. आज शेवटचा सामना, अन् घरात टीव्हीच लावला नाई. ह्यांचा नियम! तलावात जाळं असताना किती मासोळी भेटली असं आम्ही ढिवर लोकं कधी विचारत नाई. विचारलं का जाळं रितं येते. मागच्या सामन्यात मी मधातच शेजारणीले विचारलं, किती झाले? अन् हरले. तवापासून हे माझ्याशी धड बोलले नाई. माझ्या विचारण्यानं गोल होते का? तरी आज मीही गप बसली. फोन मासोळीच्या टोपलीखाली झाकून ठेवला.

पाच वाजता टोपलीखाली वाजला. सोनू!

मी म्हणलं, "जेवली का?"

"आई, विचार ना वं!"

"जाळं बाहेर आलं?"

"आलं. सामना संपला."

"मंग किती गेले?"

"एकबी नाई. बराबरी झाली."

तीन हार, एक बराबरी. कागदावर एवढंच राहीन. मले पुरते. टोपली तशीच उलटी पडली होती, अन् मी रडून राह्यली होती. हे कुठी गेले म्हणून पाहाले निघाली, तर दारात उभे. येणाऱ्या-जाणाऱ्याले अडवून म्हणत होते, "काऊन गप चालला भाऊ? विचार ना, किती गेले!"