न पेरलेली करडई

आत्याबाई, तुम्ही आता माझ्या मागून चालणं बंद करा. एवढंच सांगायचं होतं. पण नातसून म्हणाली, "एवढ्यासाठी कागद कशाला खराब करायचा, आजी?" मग म्हटलं, बस, अजून सांगते. ही पोरगी वाशिमकडची. तिकडं आपल्यासारखी उर्दू नाही, मराठी शाळा होती म्हणून तिला लिहिता येतं. मला अक्षर येत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे, तुम्हाला तरी कुठं येत होतं. मी बोलते तसं ती लिहीत नाही. बोलणं विंचरून, वेणी घालून कागदावर बसवते. मी म्हटलं, "अशानं माझी सासू मला वळखायची न्हाई." तर म्हणते, "रागावल्या की समजायचं, वळखलं." पोरगी चांगली आहे. फक्त लिहिता लिहिता मघापासून सारखी मागं वळून दाराकडं बघते. दारात कुणी नाही. दिवस चांगला वर आलाय, अंगणात उडीद वाळतोय.

मी सून होऊन आले तेव्हा तुम्ही मला आधी भाकरी शिकवली नाही, मूठ शिकवली. चुलीतली राख जमिनीवर पसरली, बोटानं रेघ ओढली, माझ्या हातात ज्वारी दिली आणि म्हणालात, "चाल." चुलीपासून रांजणापर्यंत मी वाकून चालते आहे आणि दाणे कधी ढिगानं पडतात, कधी पडतच नाहीत. तुम्ही जिभेनं च्यक् करता. ते च्यक् फुंकणीच्या माराहून वाईट. माराचा वळ जातो. "मूठ आवळायला तर उपजत लेकरालाबी येतं," तुम्ही म्हणालात, "उघडायला शिक, पोरी." नातसुनेच्या माहेरी पेरणी वेगळी असेल म्हणून तिला सांगते आहे, तेही लिहून घेते आहे बिचारी: बैल ओढतात त्या तिफणीवर लाकडी वाटीसारखं चाडं असतं, त्याला तीन भोकं, खाली तीन नळ्या. चाड्यावर मूठ धरायची आणि बैलाच्या पावलाबरोबर अंगठा हलवायचा, म्हणजे तिन्ही ओळी बराबर पडतात. त्या बाईच्या मागं दुसरी बाई, दोरीनं तिफणीला बांधलेली एकच नळी ओढत जाते. ते सरतं. त्यातून ज्वारीच्या मध्ये करडईची एक ओळ पडते. मी आधी तुमच्या मागं सरत्यावर चालले. मग एका पेरणीला तुम्ही न बोलता चाडं माझ्या हातात दिलंत, कडेला तुमच्या मनगटानं पडलेल्या खळग्यासकट, आणि स्वतः सरतं घेऊन माझ्या मागं आलात. लोक सुनेला पाटल्या देतात. तुम्ही मला पाठीमागं सासू दिलीत.

आपली एक रीत होती. तिफण हाकणारा बैलांकडं बघतो, मूठवाली चाड्याकडं बघते, मागं कुणी बघायचं नाही. मान वळली की ओळ वळते. त्यामुळं तुम्ही मागं काय करता हे मला कधी दिसलं नाही, फक्त ऐकू यायचं. सरत्याचं सर्र, सर्र. मधूनच च्यक्. आणि बांधाशी पोचलं की तुम्ही तीन दाणे एका जागी सोडायचात, चिमणीचे म्हणून, तेव्हा थांबलेला तुमचा श्वास.

तुम्ही सवाष्ण गेलात. माझा थोरला रांगत होता. बायका म्हणाल्या, ओटी भर, आणि मी घरात धावले. डोळ्यांत पाणी, हाताला लागेल ते गाडगं उचललं आणि तुमच्या पदरात ओतलं. ती करडई होती, तुम्हीच राख लावून ठेवलेली, बियाण्याची. आपल्या शेतात मेंढ्या बसवायची ती धनगरीण, तुमच्याहून लहान पण जिभेनं थोर, ती ओरडली, "अगं बया, बियाणं काहून घातलंस? मेलेल्याच्या ओटीत खायचं धान घालत असतेत. आता म्हातारी तिकडंबी पेरतच राहील!" बायका रडता रडता हसल्या. मीही हसले. संध्याकाळी तुमचा लेक परत आला, आणि त्याचा चेहरा बघून माझं हसू गेलं. म्हणाला, "आईच्या चितेत तडतड वाजून राहिलं होतं. लोकं मागं सरली." करडईच ती, आगीत फुटणारच. पण त्या दिवशी मी सरतं गोठ्यातल्या खुंटीला टांगलं आणि पुन्हा कुणाच्या हाती दिलं नाही. तेल विकत आणलं, पण आपल्या रानात करडई पेरली नाही.

तुमची मूठ मात्र मी चालवली. खोटं नाही सांगत, गोरेगावच्या बाजूपासून सेनगावपर्यंत लोक गाडी पाठवून मला न्यायचे. उगवलेल्या रानात दुसऱ्या गावचा माणूस उभा राहून विचारायचा, "मूठ कोनाची?" आणि माझं नाव निघायचं. तुमच्या लेकाचं नाही, माझं. बाईमाणसाचं नाव असं रानात उभ्यानं घेतलेलं तुम्ही तरी कुठं ऐकलं होतं?

मग हा वात आला. सकाळी बोटं लाकडाची, दुपारी परत माणसाची. भाकरी थापायला सुनेला बोलावलं तर चालतं, ती सासूची ऐट समजतात. मूठ धरायला कुणाला बोलावणार? हिंगोलीच्या हकिमानं सांधे दाबून बघितले आणि म्हणाला, "बड़ी बी, ये जानेवाला नहीं. आता-जाता रहेगा." तुमचा लेक विचारतो, "म्हंजी?" मी म्हटलं, "म्हंजी जावई हाय. आला की गोडधोड करायचं, गेला की पाय पसरून बसायचं." हकीम हसला. परत येताना गाडीत मी तोंडावर पदर घेतला, धूळ येते म्हणून.

त्याचं येणं-जाणंच वाईट, आत्याबाई. कायमचा राहिला असता तर त्याला घरचा मानला असता. बोटं उघडली की मला वाटायचं, गेला. निरगुडीच्या काढ्यात हात बुडवून मी पेरणीला जायचे, हसत, बडबडत. पण रान खोटं बोलत नाही. ज्वारी वर आली की ओळीत नांग्या दिसायच्या, रिकाम्या जागा, पडलेल्या दातांसारख्या. माझं दुखणं मी घरात लपवलं आणि ते गावोगाव उगवलं. कुणी रागावलं असतं तर मी भांडले असते. लोक हळू आवाजात बोलायला लागले, आणि पुढच्या साली गाडी आली नाही. हात माझे मामंजींसारखे झाले. घरात आहेत, कामाला नाहीत. हसा, तुम्हीच हे आधी म्हणायचात.

राहिलं आपलं रान. तिथं मला कोण हटकणार होतं? तो हस्त नक्षत्रातला दिवस. ऊन डोक्यावर आलेलं, सावली पायाखाली गोळा झालेली. रानात टिटवीसुद्धा बोलत नव्हती. तिफण निघाली आणि पहिल्याच पावलाला माझी मूठ मिटली ती मिटलीच. मी अंगठ्याला सांगते आहे, हल, आणि तो दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा पडून आहे. हाक मारावी तर तुमच्या लेकाला कळेल. म्हणून मी रिकाम्या चाड्यावर भरली मूठ धरून चालत राहिले. आणि मागून आवाज आला. सर्र, सर्र. तिफणीला दोरी बांधलेली नव्हती. सरतं गोठ्यात खुंटीला होतं, सकाळी मीच त्याच्यावरचं कोळिष्टक काढलं होतं. बैलांनी कान मागं केले. मी मान वळवली नाही. भीतीनं नव्हे, सवयीनं. मग अगदी पाठीशी, कानाला वारा लागावा तसं, च्यक्.

बांधाशी बैल थांबले. आत्याबाई, मागची बाई सरतं उचलून फिरवून घेते तोवर आपले जुने बैल थांबायचे. हे बैल तर तुम्ही गेल्यानंतर जन्मलेले. त्यांना ही सवय कुणी लावली? तुमचा लेक हो-हो करून थकला, ते हलेनात. नंतर आपणच फिरले. मी डाव्या हातानं उजव्याची बोटं एकेक करून उघडली. ज्वारी तशीच्या तशी होती, घामानं ओली, तळव्यात रुतलेली.

उगवणीच्या दिवशी तुमचा लेक रानातून आला आणि म्हणाला, "चल जरा." एवढंच. बाकी रान बरंवाईट हिरवं झालं होतं. त्या फेऱ्याच्या तीन ओळींत ज्वारीचं एक पातं नव्हतं. त्यांच्या मधोमध करडईची एक ओळ होती, सुतानं मारल्यासारखी. तो म्हणाला, "करडई कोनं पेरली?" मी म्हटलं, "मला काय इचारता, माझ्या हातात तर ज्वारी होती." तो ओळीच्या कडेनं बांधापर्यंत गेला आणि तिथं बसला. बांधाशी तीन रोपं एका जागी होती. "ही आईची वळ हाय," तो म्हणाला, आणि साठीचा माणूस डोक्याचं मुंडासं काढून हातात धरून बसला. घरी आम्ही कुणाला बोललो नाही.

तुम्ही म्हणाल, मग तरी शहाणी व्हायचीस. मी कसली होते! दुसऱ्या साली मला वाटलं, बरंच झालं, चाडं माझ्याकडं राहील आणि नांग्या तुम्ही भराल. सासू असावी तर अशी. मूठ मिटली की मी तिला उघडायला सांगेनाच. नुसती चालायचे, रुबाबात, आणि मागून सर्र, सर्र. पण त्या साली च्यक् आलं नाही. धाप ऐकू येत होती. शेवटच्या दिवसांत पायऱ्या चढताना तुम्हाला लागायची तीच. करडई उगवली ती बांधाकडं जाता जाता वाकडी झालेली, आणि बांधाशी तीन रोपं नव्हती. चिमणीचा वाटा विसरण्याइतक्या तुम्ही थकला होतात. माझ्या हाताला वात, पण मी रात्री अंग टाकत होते. तुम्हाला टाकायला अंगच नव्हतं.

धनगरीण मेंढ्या घेऊन आली होती, पार वाकली आहे आता. तिनं ती वाकडी ओळ बघितली, माझे हात बघितले, आणि म्हणाली, "चाडं सोड की गं आता. तू सोडशील तवा तिला सुट्टी. किती राबवतीस मेलेल्या मानसाला?" मी म्हटलं, "सोडून करू काय? देवळात बसून टाळ कुटू? टाळबी धरवत न्हाई." ती म्हणाली, "नुसती बस. आमी मेंढरामागं फिरून मेलो, बसायला मिळालं असतं तर बसलो असतो."

घरी आले आणि सुनेला म्हटलं, राख पसर. इतकी वर्षं तिला चाड्याजवळ फिरकू दिलं नव्हतं. रेघ मी पायाच्या अंगठ्यानं ओढली. ती म्हणाली, "आत्याबाई, मला न्हाई जमायचं." ती मला आत्याबाई म्हणते, तेव्हा अजूनही मीच मागं वळून बघते. मी म्हटलं, "मूठ उघडायची कशी ते मला इचारू नको, माझीच उघडत न्हाई. पर चुकलीस तर सांगीन." आणि माझ्या तोंडून च्यक् निघालं. आम्ही दोघी चमकलो.

यंदा आपल्याकडचं राज बदलायच्या धामधुमीत आम्ही सगळे नातसुनेच्या माहेरी जाऊन राहिलो होतो. परतलो तोवर पेरणी मागं पडली होती. बैल अंगानं उतरले होते. सुनेनं चाड्यावर मूठ धरली, तुमच्या खळग्यात मनगट ठेवून. मी बोरीखाली बसले, हात मांडीवर, कान तिच्या मागं. काही नाही. बैल बांधाशी आले, थांबले नाहीत, वळले. तुम्हाला सुट्टी मिळाली होती. मला हलकं वाटायला हवं होतं, की नाही? मला आपण दोघी एकदम मेल्यासारखं वाटलं. खाली बघितलं तर मांडीवरच्या मिटल्या मुठीत माझा अंगठा हलत होता, बैलाच्या पावलाबरोबर, बारीक, आत एक दाणा नसताना.

उठले आणि घराकडं निघाले. पांदीच्या वाटेला वळले, आणि माझ्या मागून सर्र, सर्र.

तेव्हापासून आहे. पाण्याला जाते तेव्हा आहे, परसात जाते तेव्हा आहे. म्हणून हा कागद. मी चाडं सोडलंय, आत्याबाई. आता माझ्या वाटेत काही पेरलं जात नाही, म्हणून नांग्याही पडत नाहीत. तुम्ही माझ्यामागं काय भरत येता? धनगरिणीला विचारलं, तर ती म्हणते, "तुज्यात भरत असंल." तिला काय, ती वाटेल ते बोलते.

पोरगी विचारते, हे पाठवायचं कुठं. म्हटलं, चुलीत घाल, करडई पोचली तसा कागदबी पोचंल. ती उठली, तसं मी म्हटलं, थांब. ते पहिलं वाक्य आधी खोड. "कोनतं?" ते, चालणं बंद करा म्हटलेलं. ती म्हणते, "शाई वाळली, आजी. खोडलं तर कागद घाण दिसंल." मग राहू दे. चुलीत नको, फडताळात ठेव. खाली एवढं मात्र लिही, बारीक अक्षरात. अलीकडं मी फार हळू चालते. घरात सगळ्यांना वाटतं, वात पायांत उतरला. पाय माझे ठणठणीत आहेत, आत्याबाई.