दोन गिटारी अन् डावा हात

बल्लारशा
संक्रांतीनंतरचा बुधवार, १९५६

प्रिय डोमा,

तुझं पत्र भेटलं. आगबोटीवरच्या बेंडात तुले घेतलं, हे वाचून तुझ्या भाटव्यानं रेल्वेच्या शेडातल्या साऱ्या खलाशायले चहा पाजला. मी सख्खी बहीन, मी नाई पाजला. तू येऊन गेला त्या दिवसापासून मले भेव लागून राह्यलं, अन् ते कोनाले सांगता येत नाई, म्हनून तुलेच लिहून राह्यली. माझी शाळा दुसरीपर्यंतची, अक्षर समजून घे. हे पत्र वाचून झालं का चुलीत टाक. बेंडातल्या कोनाले दाखवू नको.

तू लिहिलंस का इथी ठेवलेली जर्मन गिटार पार्सलानं पाठव, बेंडमास्तरची अमेरिकन त्याले वापस करतो. पुढं लिहिलंस का नाई तर राहू दे, दोन्ही गिटारी हाताले सारख्याच लागतात. ते वाक्य मी कितीदा वाचलं असन. दोन्ही सारख्या? बाबू, मी मासे विकनाऱ्याची पोरगी, मले गाण्यातलं काही समजत नाई. पन सारख्या त्या नाईत.

दिसाले सारख्या, खरं. दोघींचं पाठ-पोट कासवावानी फुगलेलं, मधात गोल भोक नाई, छातीवर दोन वाकडे काप. तू दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेले दोन्ही घेऊन आला तवा शेजारची नीलाबाई म्हने, जुळ्या पोरी आनल्या काय रे, एक आमाले दे. मी दोघींच्या पोटावर टिचकी मारून पाह्यली, बाजारात मडकं पाह्यतो तशी. अमेरिकन टनक, पक्क्या भाजलेल्या मडक्यावानी, आवाज देते अन् गप होते. तूच सांगितलं का असा आवाज पाह्यजे, बेंडातल्या पिपान्या वाजत असल्या तरी त्याईच्या मधातून निंगते. जर्मनचा आवाज गोड, पन लोंबते, पानी भरल्या घागरीवानी. हे झालं कानाचं. हाताचं तर आंधळ्यालेही समजन. जर्मनची मान जाडी, मागून नावेच्या बुडासारखी धार हाय तिले, अन् काठाले पांढरी पट्टी, ती बोटाले अडते. अमेरिकनची मान गोल, गुळगुळीत, पट्टी मुळीच नाई. मी स्वैपाक करनारी बाई, डोळे मिटून सांगितलं का नाई?

त्या संध्याकाळचाच खेळ माझ्या डोक्यातून जात नाई. मालधक्क्यावरचे गुणवंतराव पानाची पैज लावून बसले. नीलाबाईनं तिच्या लुगड्याच्या पदरानं तुझे डोळे बांधले. गुणवंतरावानं आंगनाच्या त्या कोपऱ्यातून एक तार छेडली का तू इथून सांगे, ही जर्मन, ही अमेरिकन. एकदाही चुकला नाई. लोक वाहवा करून राह्यले. मंग ते म्हनले, आता कानात बोटं घाला याच्या, हातानं सांगू द्या. तू डावा हात फिरवला. मानेवर फिरवला, काठावर फिरवला. मले वाटलं, आता सांगते. तू हासला अन् म्हनला, दोन्ही एकाच मायचे लेकरं. मंग सांगितलं तेही उलटंच. पुन्हा दिली, पुन्हा उलटं. नीलाबाई म्हने, मुंबईचं पानी लागलं, पोरगा ढोंगी झाला. सारे खदखदा हासले. पान खाल्लं गुणवंतरावानं.

मी नाई हासली. खुंटीजवळ तारेचं तुटकं टोक वर आलं होतं, ते तुझ्या करंगळीत घुसलं होतं. रगत मनगटापर्यंत आलं. तुले पत्ता नाई. डोळे सोडल्यावर तू म्हनला, बाई, हात घामेजला, फडकं दे. फडकं लाल झालं तवा तुले समजलं, अन् तू म्हनला, आमच्या बोटाले घट्टे असतात, वादकाच्या बोटाले काही होत नाई. घट्टे मलेही हायत, डोमा. मी चुलीतून निखारा उचलत आली. पन जळलं का मले समजते.

तुले कोलूकाका याद असन. गावच्या तलावावर त्याच्यासारखा जाळेवाला नव्हता. एक डाव मोठा गळ त्याच्या तळहातात आरपार गेला, अन् त्यानं तोंड वाकडं न करता उपटून काढला. साऱ्या गावानं त्याले खांद्यावर घेतलं. मर्द हाय, म्हनले, वाघ हाय. आपल्या बाबानं कोंबडं कापलं. आपले लोक असेच, ज्याले दुखत नाई त्याले मोठा मानतात. दुखत काऊन नाई हे कोनी पुसलं नाई. पुढं बोटं वाकली, मंग झडाले लागली. अन् ज्याईनं खांद्यावर घेतलं होतं त्याईनंच तलावाच्या पल्याड त्याची झोपडी बांधून देली. भाकर दगडावर ठेवाची अन् मांगं फिराचं. त्याची बायको बुधरी माहेरी गेली ते आलीच नाई. तू लहान होता, तुले वाटे काका तिथी राखन करते. मी भाकर ठेवाले जात होती. मी त्याचे हात पाह्यले हायत.

म्हनून त्या खेळाच्या दुसऱ्या दिवशी तू आंघोळीले बसला तवा मी पाठ घासाचं निमित्त केलं. तुझ्या डाव्या कोपराच्या वर फिक्का चट्टा हाय, त्यावर लव नाई. मी नख लावलं. तू गानं म्हनून राह्यला होता, म्हनतच राह्यला. मी पुसलं तर म्हनला, गजकर्ण हाय, दमट हवेनं होते. मी हो म्हनली. गाडी सुटेपर्यंत तुझ्या हाताकडंच पाहत होती.

तू गेल्यावर मी गुडघ्याचं कारन सांगून चांद्याले गेली. तिथी चामडीच्या रोगाचा डॉक्टर बसते. मी कोलूकाकाचंच सांगितलं, तुझं नाव घेतलं नाई. तो तरना हाय, पन फालतू बोलत नाई, म्हनून मले पटला. म्हने, आता गोळी निंगाली हाय. बरेच सालं खा लागते, पन रोग मरते. बोटं वाकाच्या आंधी आला तर हात वाचते, वाकल्यावर आला तर रोग जाते, बोटं सरळ होत नाईत. मी पुसलं, त्या हातानं बारीक काम करता येईन काय? तो म्हने, आनून दाखवा, मंग सांगतो. डॉक्टर उजेडात तुझा चट्टा पाहीन अन् कोलूकाकाच्या रोगाचं नाव घेईन, याचंच भेव. न दाखवलं तर काय होईन, त्याचं त्याहून जास्त.

म्हनून गिटार मी पाठवून नाई राह्यली. आगबोटीवर चढाच्या आंधी कंपनीचा डॉक्टर साऱ्याईले उघडं करून पाह्यते, हे तूच लिहिलंस. तिथी परक्याच्या तोंडून ते आयकू नको, परक्या बंदरात पेटीसंगं उतरवतील तुले. अन् त्यानं पाह्यलं नाई तर ते आनखी वाईट, समुद्रावर तुझी बोटं वाकत जातील अन् लोक टाळ्या वाजवतील. बेंडमास्तरले सांग, बहीन बिमार हाय. खोटं नाई, मले रात्रीचं जेवन जात नाई. तुझ्या भाटव्याले मी अजून सांगितलं नाई. तू आला का पयले चांद्याच्या डॉक्टरकडं जाऊ, मंग दोघं मिळून त्याले सांगू, तुले घरात ठेवलं तर त्याले चालन का नाई चालन ते मी पाहून घेईन. भेव वाटन तुले. वाटू दे, मलेही वाटते. भेत भेत ये, पन आगबोटीत नको, गाडीत बस.

तुझीच,
बाई